आमच्या दारात गाणं बंद पडलं

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते फक्त चुका काढायला. दिवा आपोआप पिवळा पडला… व्होल्टेज कमी असणार. माळ्यावर पावलं वाजली… उंदीर. मी इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला, पलूसच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला. आमच्या धंद्यात 'आपोआप' काही होत नाही. कुठेतरी वायर सैल असते आणि ती कुणीतरी सैल ठेवलेली असते. असं छाती ठोकून सांगणारा मी आज इथे लिहायला बसलोय. लिहून डोक्यातला गुंता सुटतो का बघतो.

हा अनुभव माझ्यापेक्षा आमच्या वहिनींचा जास्त आहे, म्हणून त्यांना विचारूनच लिहितोय. "लिहा की, फक्त गावाचं नाव नको," एवढंच त्या म्हणाल्या. तर कडेगावजवळचं एक गाव, असं धरून चला. घरात आम्ही चौघं — वडील म्हणजे अण्णा, आई, वहिनी आणि मी. थोरला भाऊ फौजेत, सध्या आसामकडे. अण्णाही फौजेतूनच हवालदार म्हणून रिटायर झाले. गेल्या वर्षी सांगलीला त्यांच्या हृदयात स्टेंट बसला, आणि तेव्हापासून ते नुसते खोकले तरी घरातली तिन्ही माणसं हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघतात. त्यांना याचा भयंकर राग येतो.

रिटायर झाल्यावर अण्णांनी घेतलेली पांढरी सेडान अजून आमच्या दारात आहे. रोज सकाळी ते ती पुसतात, परेडचे बूट चमकवावेत तशी. मला नवी गाडी घ्यायची होती. विषय काढला की उत्तर ठरलेलं.

"इंजान चालतंय न्हवं? मग? तुझ्या आज्यानं बैल म्हातारा झाला म्हणून इकला व्हता का कवा?"

"इकला व्हता की," आईनं आतून सांगितलं. अण्णांना नेमकं ते ऐकू आलं नाही.

शेवटी तह झाला. गाडी तीच राहणार, पण आतला साऊंड माझ्या मनासारखा. तोवर त्या गाडीत कॅसेटचा टेप होता, चार दारांपैकी एकच दार वाजायचं, आणि तेही गाण्यापेक्षा स्वतःच जास्त वाजायचं. मी मोबाईलवर स्पीकरचे फोटो बघत बसायचो तेव्हा वहिनींनी मला पुरतं सतावलं होतं. "भावजी, लोक लग्न ठरलं की गाडी सजवतात. तुमचं उलटंच. आधी साऊंड बसवायचा, मग नवरी शोधायची."

सांगलीत मिरज रोडला इरफानभाईचं दुकान आहे. माणूस बोलका, आणि कुठल्याही प्रश्नाचं उत्तर तयार. त्यानं टचस्क्रीनवाला स्टीरिओ बसवला, चारी दारांत नवे स्पीकर, दारांच्या पत्र्याला आतून काळी शीट चिकटवली म्हणजे पत्रा थरथरत नाही, आणि डिकीत सबवूफर. राहिला ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा डबा. "नवा कशाला घेता भाऊ? माझ्याकडं एक तगडा पडलाय, थोडा वापरलेला. ऐकून तर बघा." ऐकला. छातीत धक धक झालं. तोच बसवून घेतला.

आता घटना सांगतो. त्याच दिवशी दुपारी मी सांगलीहून घरी निघालो. वरातीत वाजतं तसलं एक दणदणीत गाणं लावलेलं, काचा खाली, आवाज फुल. पलूस सोडून पुढच्या एका गावातून जाताना रस्ता घरांना अगदी खेटून जातो. तिथे एका गुलाबी घरापाशी आलो आणि आवाज गप्प झाला. स्क्रीनवर गाणं पुढे सरकतंय, सेकंद पळतायत, पण चारी दारं मुकी. मी वैतागून डावीकडे बघितलं, तर त्या घराच्या दारात माणसं खाली बसलेली. कुणी बोलत नव्हतं. भिंतीला हिरवे बांबू टेकवलेले होते.

 आमच्याकडे वरात कितीही जोरात असू दे, मयत झालेल्या घरासमोर बाजा बंद होतो. ते घर मागे पडलं की पुन्हा वाजवायचं. हे कुणी शिकवत नाही, लहानपणापासून माहीतच असतं. आणि मी त्या दारावरून तसलं गाणं वाजवत जाणार होतो! मी हळूच गाडी पुढे काढली. चारदोन घरं मागे पडली आणि गाणं जिथे असायला हवं होतं तिथून पुन्हा दणक्यात सुरू झालं.

घरी येऊन मी हे हसत हसत सांगितलं. ॲम्पची ग्राउंडची वायर हलली असणार, पण बरी हलली, लाज राखली, असं. अण्णा म्हणाले, "तुझ्यापरीस त्या डब्ब्याला रीत कळतीया." सगळे हसले. विषय संपला.

नंतर बरेच दिवस काही नाही. खड्डे, गतिरोधक, शेतातला कच्चा रस्ता… वायर सैल असती तर तिथेच कळलं असतं. पण साऊंड असा चालला की अण्णासुद्धा गाडी पुसता पुसता भजन लावायला लागले.

मग मी लोणंदला गेलो, ताईकडे, तिच्या सासरी. कराड, सातारा, वाठार करत सगळा रस्ता गाणी वाजली. ताईच्या गल्लीत वळलो आणि तिच्या घराच्या अलीकडे, समोरच्या बाजूला एक कुलूप लावलेलं घर आहे, तिथे आवाज गेला. या वेळी मी थांबलो. डिकी उघडून बघितलं तर ॲम्पवरचा हिरवा दिवा लाल झालेला. म्हणजे तो 'प्रोटेक्ट'मध्ये गेला होता. फार गरम झाला किंवा कुठे शॉर्ट असला की स्वतःला वाचवायला तो बंद होतो. हात लावून बघितला, कोमट. गाडी दोन घरं पुढे नेली… हिरवा, गाणं चालू. रिव्हर्स घेऊन परत आलो… लाल. भर दुपारी मी गल्लीत गाडी मागे-पुढे करतोय आणि ताई दारात कमरेवर हात ठेवून उभी.

"आरं, गाडी शिकायला आलायस व्हय?"

मी विचारलं, त्या घरात काय झालंय का? ती म्हणाली, काय होणार, घर बंद आहे, म्हातारा-म्हातारी पोराकडे पुण्याला गेलीत. बघ, मी मनात म्हटलं, काही नाही. जेवलो, जरा लवंडलो. चहाच्या वेळेला ताईला शेजारणीनं हाक मारली. समोरच्या बंद घरातले आजोबा दुपारी पुण्यात दवाखान्यात वारले, संध्याकाळी गावी आणणार आहेत.

मी कप खाली ठेवला. ताईनं माझ्याकडे बघितलं. परत येताना मी साऊंड लावलाच नाही.

दुसऱ्याच सुट्टीला सांगली गाठली. इरफानभाईनं ॲम्प उघडला, ग्राउंड नव्यानं मारलं, फ्यूज बदलला, स्टीरिओ सुद्धा बदलून दिला. दर वेळी "आता फिक्स" म्हणाला. शेवटी मी लोणंदचं सांगितलं, तेव्हा त्यानं ॲम्प उलटा करून बघितला. मग म्हणाला, "भाऊ, हा ॲम्प एका बेंजो पार्टीच्या पिकअपमधनं काढलाय. वरातीत वाजलेला हाय लय वर्षं. असल्या घरांसमोर बंद पडायची सवय लागली असंल त्याला." आणि स्वतःच्या विनोदावर खो खो हसला. मला हसू आलं नाही. बेंजोत बटण माणूस दाबतो. माणसाला दारातली गर्दी दिसते, रडणं ऐकू येतं. कुलूपबंद घरासमोर ॲम्पला काय दिसलं? इरफानभाईनं स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. "काढून देऊ का?" म्हणाला. मी 'राहू दे' का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही.

घरी मात्र लोणंदची गोष्ट मी सांगितली. आईनं कानाला हात लावले. वहिनी काहीतरी बोलतील, चिडवतील असं वाटलं होतं, पण त्या लक्ष देऊन ऐकत होत्या.

आणि मग तो दिवस. मी ड्युटीवरून संध्याकाळी येत होतो, उजेड होता. गल्लीच्या तोंडापासून गाणं चालू. आमच्या फाटकापाशी आलो आणि आवाज गेला.

मी स्टेअरिंग धरून बसून राहिलो. समोर पायरीवर अण्णांची खुर्ची होती, रिकामी. या वेळेला ते तिथेच असतात, पेपर दुसऱ्यांदा वाचत.  खोटं कशाला सांगू, मला रडू यायला लागलं होतं. मग इंजिन तसंच चालू टाकून पळत सुटलो — सोपा, मधली खोली, मागचं दार.

अण्णा परसात कढीपत्ता तोडत होते.

"काय रं? पोलीस मागं लागल्यात व्हय?"

मी काहीतरी पुटपुटलो. आई धुणं काढत होती. वहिनी चुलीपुढं भाकरी थापत होत्या. त्या दुपारी एकट्याच एसटीनं विट्याला दात दाखवायला जाऊन आलेल्या, म्हणून पदर गालाभोवती गुंडाळलेला. सगळी माणसं जागेवर होती. आसामला फोन लावला, भाऊ उचलून म्हणाला, "जेवतोय, नंतर बोल." सगळे ठीक!

पण दुसऱ्या दिवशीही फाटकापाशी लाल दिवा. तिसऱ्या दिवशीही. सकाळी निघताना बंद, गल्लीबाहेर चालू. लोणंदला ॲम्पला आमच्या आधी कळलं होतं… म्हणजे आमच्याकडेही अजून कळायचं असलेलं काहीतरी आहे. आणि ते काय, याचं माझ्याकडे एकच उत्तर होतं. मी कुणाला काही बोललो नाही. अण्णांना मात्र जगू दिलं नाही. जिना चढू नका, मीठ कमी खा, गाडी मी पुसतो. पहाटे उठून त्यांचा श्वास चाललाय का बघायचो. एकदा बघताना त्यांनी डोळे उघडले आणि दिलेल्या शिव्या इथे छापता येणार नाहीत. काहीतरी थाप मारून सांगलीला नेऊन ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहे. परत येताना अण्णा वाटभर माझ्याशी बोलले नाहीत. आणि फाटकापाशी आलो… लाल.

त्या दिवशी माझा धीर सुटला. मी परसात जाऊन भावाला फोन लावला. सुट्टी टाक आणि ये, अण्णांचं काही खरं दिसत नाही, असं सांगणार होतो. रिंग वाजत होती आणि मागून वहिनींनी माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि बंद केला.

"ह्यांना बोलावू नका, भावजी. अण्णांना काय हुणार न्हाई. ते अण्णांसाठी नव्हतं."

मला काहीच कळेना. त्या तिथेच दगडावर बसल्या.

"मला दिवस गेले होते," त्या म्हणाल्या. "हे सुट्टीवर येऊन गेले तेव्हाचे. इतक्या वर्षांनी. फक्त ह्यांनाच सांगितलेलं. तिसरा महिना सरल्याबिगर कुणाला सांगायचं नसतं, म्हणून आत्तींनापण बोलले नाही. त्या दिवशी विट्याला दात दाखवायला नव्हते गेले मी."

मी त्यांच्यासमोर मातीतच बसलो. 

"आता काय सांगू सगळ्यांना? होतं म्हणून सांगू, का गेलं म्हणून सांगू? ह्यांनापण अजून बोलले नाही. रोज फोनवर विचारतात, नीट खातीयस न्हवं?"  मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "माणूस गेलं की दारात माणसं येऊन बसतात. ह्याच्यासाठी कोण येणार? त्याला नाव न्हाई, कुणाला म्हाईत न्हाई. मी दवाखान्यातनं आले आन् भाकरी करायला बसले. गल्लीच्या तोंडापासनं तुमचं गाणं ऐकू येत होतं… आन् आपल्या दारात बंद झालं. तव्यावरची भाकरी जळाली माझी. मला वाटलं, कुणाला तरी कळलं."

मी मोठ्यांदा रडलो. वहिनींनीच मला गप्प केलं, हेही सांगून टाकतो.

त्याच दिवशी त्यांनी आईला सांगितलं. आई रागावली नाही. टीव्ही चालू होता तो बंद केला आणि वहिनींचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली. अण्णा बाहेर जाऊन गाडी पुसायला लागले, सकाळी पुसलेली असूनही. भावाला वहिनींनी स्वतः फोन केला. काय बोलले ते मला माहीत नाही, पण पुढच्या आठवड्यात तो सुट्टी घेऊन आला.

आता तुम्ही म्हणाल, ॲम्पचं काय? काही नाही. एके दिवशी फाटकातून निघताना गाणं चालूच राहिलं. त्याच्या आदल्या दिवशी बंद होतं का, हे मला धड आठवतही नाही. त्या दिवसांत गाणी कोण लावत होतं? मी सगळं तपासलंय. फाटकाजवळ वरून वायर जात नाही, टॉवर नाही, उतार नाही. योगायोग म्हणावं, तर कुठवर म्हणावं? आणि योगायोग नाही म्हणावं, तर मग दुसरं काय म्हणावं? कामावर पॅनल उघडून बसलो की मध्येच हेच डोक्यात येतं आणि हात थांबतो. होणाऱ्या बायकोसमोर — हो, मध्यंतरी माझं लग्नही ठरलंय — हे सगळं कसं सांगायचं, हा आणखी एक प्रश्न.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं कळलं त्याच आठवड्यात शेजारच्या घरी लग्न होतं. शेजारच्या काकू हळदीचं आवतण द्यायला आल्या. आई म्हणाली, "राग मानू नका, आमी येणार न्हाई. आमच्या घरात दुःख झालंय."

"आगं बया! कोण गेलं? काय कळलं न्हाई ते?"

आईनं एकदा वहिनींकडे बघितलं. वहिनींनी मान हलवली.

"आमचं नातवंड गेलं," आई म्हणाली.

काकू मटकन खाली बसल्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. जाताना वहिनींच्या पाठीवर हात फिरवून गेल्या.

लग्नादिवशी संध्याकाळी वरात आली. पिकअपवर बेंजो, पुढे पोरं नाचत होती, सगळी गल्ली हादरत होती. आमच्या दाराच्या अलीकडे काकू स्वतः पुढे झाल्या आणि हात वर केला. बेंजो थांबला. नाचणारी पोरं गप्प झाली, नवरदेवानं मान खाली घातली, आणि आमचं दार ओलांडेपर्यंत फक्त चपलांचा आवाज येत होता. वहिनी आईचा हात धरून दारात उभ्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्या सगळ्यांसमोर रडल्या.

बेंजोवाल्यांना काकूंनी सांगितलं होतं. आमच्या गाडीला कुणी सांगितलं, ते मला आजही कळलेलं नाही.